शेवंतीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

गोवा कोणामुळे सुटला, हा विषय बांद्याच्या बाजारात निघाला की मी चहा अर्धा टाकून उठतो. कोणी फौजेचं नाव घेतो, कोणी सत्याग्रहींचं, कोणी दिल्लीचं. सगळ्यांचं बरोबर असेल, माझं कोणाशीच भांडण नाही. पण आमच्या वाडीत येऊन विचारा. तिथे शेंबडं पोरसुद्धा छातीठोकपणे सांगेल की गोवा सुटला तो सुभद्रावहिनीच्या म्हशीमुळे. आणि पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवेल, कारण मी त्याच घरातला. म्हणून काय झालं ते एकदाच नीट सांगून टाकतो, म्हणजे मला पुन्हा चहा टाकावा लागणार नाही.

आधी घरातली माणसं. मी बाबू. मुंबईच्या गिरणीत छातीत कापूस भरून घेऊन गावाला परत आलेला, लग्न न केलेला आणि वहिनीच्या मते बिनकामाचा. थोरला भाऊ आगबोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा येतो, सगळ्यांवर ओरडतो आणि जातो. घर चालवते सुभद्रावहिनी. तिची एकुलती एक लेक विमला हद्दीपलीकडे, पेडण्याच्या बाजूला दिलेली. हद्द तेव्हा पोर्तुगिजांची, आमच्या बोलीत पाखल्यांची. तसं लांब नाही. सकाळी न्याहारी करून निघालं तर जेवायच्या वेळेला लेकीच्या दारात. आमच्या गावचा ओढा, ज्याला आम्ही व्हाळ म्हणतो, तोही त्याच वाटेने तिच्या सासरी जातो.

एकसष्ट साली पावसाळा सरता सरता जावई सत्यवान विमलाला पहिल्या बाळंतपणासाठी आणून सोडून गेला. "चेडू झाला तरी कळवा, झील झालो तरी कळवा, मी धावत येतंय," असं म्हणाला. चेडूच झालं, म्हणजे मुलगी. कळवलंही. पण तोवर हद्दीवर पहारे बसले आणि ज्या चोरवाटांनी आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या लग्नांना, बारशांना आणि नको त्या कामांना ये-जा करत होती, त्याही बंद झाल्या. सत्यवान पलीकडे, विमला अलीकडे, आणि पोरीने बापाचं तोंड पाहिलेलं नाही.

भात कापून, झोडून झालं आणि रिकाम्या मळ्यात आपली फौज येऊन उतरली. वाडीला काय आनंद! सातेरीच्या देवळाचा गुरव गंगाराम पहिल्याच लॉरीपुढे नारळ फोडायला धावला. समोरून एक उघडाबंब माणूस हातात काहीतरी गोल घेऊन धावत येतो आहे हे बघून ड्रायव्हर खाली वाकला, आणि लॉरी थेट सावित्रीच्या मिरच्यांच्या वाफ्यात गेली. सावित्री आमची शेजारीण. त्या लढाईतलं आमच्याकडचं पहिलं नुकसान ते.

लढाई सुरू व्हायच्या आधीच तिचा त्रास सुरू होतो, हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. विमानाला वरून लॉरी झाड वाटावी म्हणून मोहोर यायच्या वेळी आंब्यांच्या फांद्या तोडून लॉऱ्यांवर घातल्या गेल्या. वरून काय दिसत होतं मला माहीत नाही, पण खालून बघताना लॉऱ्या हिरव्या दिसत होत्या आणि झाडं धुरळ्याने लाल. इंजिनांच्या आवाजाने कोंबड्या अंडी घालीनाशा झाल्या आणि कोंबडे भर दुपारी आरवायला लागले. कुत्रे फौजेच्या उरल्यासुरल्या रोट्या खाऊन असे सुस्तावले की चोर आला असता तर त्यांनी त्याला घर दाखवलं असतं. दिवा बाहेर दिसता कामा नये असा हुकूम निघाल्यामुळे संध्याकाळनंतर अर्धी वाडी खांबांवर आपटायची. सावित्रीच्या कपाळाला टेंगूळ आलं, तेही तिने मिरच्यांच्या भरपाईत धरलं. माझा खोकला वाढला. गंगारामाचं पोट बिघडलं, पण त्यात लढाईचा दोष नव्हता. तो रोज फौजेच्या लंगरात जाऊन तुपातल्या रोट्या चापायचा.

आणि फौजेने व्हाळ ताब्यात घेतला. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताला पाणी हवं म्हणून आम्ही दरवर्षी कापणीनंतर व्हाळाला मातीचा बांध घालतो. बांधाच्या आत पाणी साचून खोल कोंड होतो आणि वाडीची गुरं उन्हाळाभर तिथे डुंबतात. त्या कोंडावर आता लॉऱ्या धुवायचं काम चालायचं. आम्हांला तिकडे फिरकायची बंदी. माणसांचं विहिरीवर भागायचं. गुरांना गोठ्यात बांधून अंगावर दोन घागरी ओतायच्या आणि गप्प बसवायचं.

या सगळ्यात विमलाचं दूध गेलं. नवऱ्याच्या काळजीने आधीच कमी झालं होतं, आणि सरावाचे बार उडायला लागले तसं बंदच झालं. पोर इवलीशी, पण आवाज फौजेच्या भोंग्याला मागे टाकणारा. तिचं सगळं आता शेवंतीवर अवलंबून. शेवंती म्हणजे वहिनीची म्हैस. तिचं दूध इतकं दाट की पोरीला पाणी घालून पाजावं लागायचं. आणि नेमका शेवंतीने पान्हा चोरला. आधी निम्मं दूध, मग पेलाभर, मग तळाशी चार थेंब. सावित्रीच्या बकरीचं थोडं मिळायचं, तीही आटली. पोर पेजेच्या निवळीवर आली. तिचे गाल बसले, रडण्यातला जोर कमी व्हायला लागला, आणि ज्या रडण्याला मी इतके दिवस वैतागलो होतो ते ऐकू यावं म्हणून मी कान लावून बसायला लागलो. हे मी आता हसत सांगतो आहे. तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं.

उपाय सगळे झाले. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. गोठ्याच्या दाराला बिब्बा टांगून झाला. इंजिनांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून वहिनीने मला शेवंतीच्या कानांत कापूस घालायला सांगितलं, कापसाचा अनुभव मला म्हणून. डाव्या कानात गेला. उजव्या कानापर्यंत मी पोचलोच नाही, शेणात बसलो. आणि म्हैस दाराबाहेर तोंड करून, व्हाळाच्या दिशेला बघत, नुसती उसासे टाकत उभी राहायची. वहिनी म्हणायची, "भेदरली हा गरीब." मलाही तेच वाटायचं.

आमच्या विहिरीवर पाणी भरायला पंजाबकडचा एक उंच दाढीवाला हवालदार यायचा. वहिनीने सगळ्याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. तो आला की ही पदर खोचून पुढे.

"तुझ्या गाड्यांनी माझ्या म्हशीचा दूध आटवल्यानी रे मेल्या! पोर उपाशी मराची वेळ इली! तुझ्या बंदुकीत उंदीर शिरांदेत!"

हवालदाराला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तो मान लववून "जी, माताजी," म्हणायचा, वहिनीची रिकामी घागर आधी भरून द्यायचा आणि मग आपलं पाणी घेऊन जायचा. शिव्या खाऊन घागर भरून देणारा माणूस वहिनीला जन्मात भेटला नव्हता. त्यामुळे तिचा राग दुप्पट व्हायचा.

शेवटी ठरलं, सातेरीपुढे गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे डॉक्टर, पोलीस, कोर्ट सगळं नंतर. आधी गाऱ्हाणं. गुरव देवीपुढे उभा राहून एकेक मागणं बोलतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा. एकदा रुकार दिला की ते मागणं अख्ख्या वाडीचं. मग मागाहून 'मी तसं म्हटलं नव्हतं' चालत नाही. मी मुंबई बघून आलेला असल्यामुळे अशा वेळी मागे खांबाला टेकून, तोंड मिटून उभा राहतो.

दुपारी सगळी वाडी देवळात जमली. गंगारामाने घसा साफ केला. "आई सातेरी माये, ही जी काय फौज आमच्या मळ्यात येऊन बसली हा, ती हयसून हलव..."

"थांब," सावित्री म्हणाली. "हलव म्हणजे खंय? नीट सांग. देवी तेंका उचलून माझ्या परड्यात ठेवीत."

"मागे धाड, सावंतवाडीक," म्हातारा भिकाजी म्हणाला.

"सावंतवाडीक माझी भयण आसा! तिच्या कोंबड्यांनी तुमचा काय घोडा मारला?"

"तर मगे पुढे धाड."

यावर सगळ्यांच्या माना विमलाकडे वळल्या. पुढे म्हणजे पेडणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विमला पोरीला मांडीवर घेऊन देवीच्या पुढ्यात बसली होती. मी वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. एरवी दहा जणांना बोलू न देणारी बाई ओठ घट्ट मिटून बसली होती. फौज इथे राहिली तर नात हातची जाते, फौज पुढे गेली तर जावई. आणि तिने एकदा रुकार दिला की तो परत घेता येणार नव्हता.

शेवटी विमलाच बोलली. "पुढे धाड म्हणा, गंगारामकाका. पण मी सांगतंय तसा म्हणा."

गंगारामाला दुसऱ्याने सांगितलेलं गाऱ्हाणं घालायची सवय नव्हती. पण पोरीने त्याच वेळी एक बारीक हुंदका दिला, आणि तो मुकाट्याने देवीकडे वळला.

"आई सातेरी, ही फौज पुढे धाड..."

"व्हय म्हाराजा!"

"पण सत्यवानाच्या घराक धक्को लागता नये..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या शेजाऱ्यांक, तेच्या माडांक, आणि विमलाक आंदण दिली ती शेवंतीची पारडी, तिका धक्को लागता नये..."

"व्हय म्हाराजा!"

सासूच्या नावापाशी विमला जरा थांबली, पण सासूही घातली. गंगाराम आवरतं घेणार, एवढ्यात वहिनी म्हणाली, "आणि पाखल्यांचे झील."

"पाखल्यांचे झील खंयसून इले मधीच?"

"तेंच्याय आवशी खंय तरी वाट बघीत बसल्यो आसतल्यो मा? आवस ती आवस. घाल."

गंगारामाने कपाळाला हात लावला आणि घातलं. पाखल्यांचे मुलगे आपापल्या आईकडे सुखरूप जाऊ देत. त्यालाही रुकार मिळाला, सावित्रीने तर दोनदा दिला. सगळ्यात शेवटी शेवंतीच्या दुधाचं मागणं झालं. एवढी लांबड लावल्यावर देवीला मुख्य मुद्दा लक्षात राहील की नाही याची मला शंका होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फौज उठली. तंबू उतरले, लॉऱ्या एकामागून एक रस्त्याला लागल्या. गंगाराम तर घाबरलाच. त्याच्या गाऱ्हाण्याला इतक्या लवकर गुण यायची त्याला सवय नव्हती.

तेवढ्यात तो हवालदार आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आला. पाठीला बंदूक, हातात पत्र्याचा डबा. वहिनी पदर खोचायला लागली. त्याने डबा पुढे केला.

"माताजी, बच्ची रोती थी तो कैंप तक सुनाई देता था, अब नहीं देता. दूध का पाउडर है, गरम पानी में देना." मग गोठ्याकडे बघून म्हणाला, "मेरी माँ के पास भी एक भैंस है. बिलकुल ऐसी."

मी मालवणीत अर्थ सांगितला. वहिनी डबा हातात धरून तशीच उभी. तो मान लववून निघालासुद्धा. मग एकदम तिच्या डोळ्यांना धार लागली.

"बाबूभावजी, पाखल्यांचे झील घातलंय, सासू घातलंय, आणि ह्येचा नाव ऱ्हवला! आपल्या फौजेचा कोणाचाच नाव घालूक नाय! ह्येका आपण लढाईत धाडलंव आणि ह्येचा कायच मागूक नाय!"

खरंच होतं. सगळ्या जगाचं मागितलं होतं आणि ज्यांना पुढे धाडलं त्यांचंच राहून गेलं होतं. वहिनी डबा पोटाशी धरून रस्त्याकडे धावली. गंगाराम तिथे लॉऱ्यांना हात करत उभा होता.

"गाऱ्हाणा घाल. ह्या हवालदाराचा. आताच्या आता."

"सुभद्रावयनी, ता देवळात घालूक होया."

"देवी काय बहिरी आसा? घाल!"

"पण नाव काय? गाव काय? सगळ्यांच्यो दाढ्यो सारख्यो. देवीन वळखूचा कसा?"

यावर वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी धावलो. गिरणीचा भोंगा चुकवल्यानंतर इतका मी कधी धावलो नव्हतो. हवालदार लॉरीच्या मागच्या फळीवर बसला होता. मी धुरळ्यातून ओरडलो, "नाम क्या? गाँव कौनसा?" त्याने हसून काहीतरी सांगितलं. इंजिनात ते बुडालं. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. तेवढ्यात मागे गंगाराम नाव-गावाची वाट न बघता सुरूच झाला होता, "आई सातेरी, हो जो कोण आसा तो, आणि हे जे कोण आसत ते सगळे..." आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाडी गरजली, "व्हय म्हाराजा!" फौजेला वाटलं ही आमच्याकडची रणगर्जना. मग काय विचारता! पहिल्या लॉरीपासून शेवटच्या लॉरीपर्यंत सगळे शीख, जाट, डोगरे, जे कोण होते ते मुठी उंचावून ओरडत गेले, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" त्या आरोळीत हवालदाराचं नाव गेलं ते गेलंच. मी रस्त्याच्या कडेला बसून खोकत राहिलो.

वहिनीने डब्यातलं दूध कालवलं आणि आधी मला पाजलं. थोडा वेळ माझ्याकडे रोखून बघत बसली. मी पडत नाही असं दिसल्यावर तिने पोरीला वाटी लावली. पोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि झोपली. उजाडता उजाडता हद्दीपलीकडून धडाधड आवाज आले. पाखल्यांनी जाता जाता पूल उडवले, असं मागून कळलं. तेव्हा काहीच कळत नव्हतं. विमला पायरीवर बसून प्रत्येक आवाजाला दचकत होती आणि वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

पुढच्याच दिवशी बांद्याहून बाळा न्हावी सायकलवरून बोंबलत आला की रेडिओवर सांगितलं, गोवा सुटला. फटाके वाजले. गंगाराम खांद्यावर शाल टाकून वाडीभर फिरला आणि ज्याच्या त्याच्या घरी चहा प्यायला. "इतकी वर्सां मोठमोठ्यांनी प्रयत्न केल्यानी," तो म्हणायचा, "पण गाऱ्हाणा कोणी घालूक नाय!" आमच्या घरात मात्र विमलाने नवऱ्याचं तेवढं एकच विचारलं, "माझो घोव खंय?" त्याचं उत्तर गंगारामाकडे नव्हतं.

उत्तर दुपारी आपल्या पायांनी आलं. व्हाळाच्या वाटेने सत्यवान आला. दाढी वाढलेली, एक वहाण तुटलेली, खांद्यावर शहाळी. विमला त्याच्या सदऱ्याचा कोपरा धरून उभी राहिली. तो पोरीकडे हात पसरून पुढे झाला, तर वहिनी आडवी.

"आधी न्हाऊन ये. सगळी लढाई तुडवीत इलंस, तसोच बाळाक हात लावतलंस?"

विहिरीचं पाणी फौजेने उपसून तळाला नेलं होतं. म्हणून जावयाला पंचा देऊन कोंडावर धाडलं. बंदी आता उठली होती. थोड्या वेळाने खळ्यात एक काळाकुट्ट, चकाकणारा माणूस येऊन उभा राहिला. कुत्र्यांनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा भुंकायचं मनावर घेतलं. पोरीने आपल्या बापाला जन्मात पहिल्यांदा बघितलं ते असं, आणि तिने जो टाहो फोडला त्यावरून डब्यातल्या दुधाचा गुण सगळ्यांच्या लक्षात आला.

"ह्यां काय रे?" वहिनी किंचाळली.

"तेल, आये," सत्यवान डोळे पुशीत म्हणाला. "कोंड तेलान भरलो हा. घाईत न बघताच उडी मारलंय."

आम्ही सगळे कोंडावर गेलो. पाण्यावर तेलाचा जाड तवंग, काठाच्या गवताला ग्रीस, आणि झुडपांत मासे पोट वर करून पडलेले. बेडकाचा आवाज नाही, बगळा नाही. आदल्याच दिवशी, अंधार पडल्यावर, शेवंतीला आम्ही इथे सोडलं होतं. काठावर येऊन, पाणी हुंगून ती तशीच परत फिरली होती आणि आम्ही म्हटलं होतं, अजून भेदरलेली आहे. म्हशीला पाण्यात बसायला मिळालं नाही तर ती दूध कसलं देते? जन्मभर म्हशी पाळणाऱ्या माणसांना हे सुचलं नाही, कारण आम्ही फौज, पाखले आणि देवी अशा मोठ्या मोठ्या गोष्टींत गुंतलो होतो.

"बांध फोडा," गंगाराम म्हणाला. "जावंदे सगळा खाली व्हावून." लगेच दोघे-तिघे कुदळी आणायला निघाले.

"खबरदार!" वहिनी बांधावर उभी राहिली. "खाली जावयाचो गाव. काय म्हटलास देवीपुढे? तेच्या घराक धक्को लागता नये, तेच्या म्हशीक धक्को लागता नये. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलास मा? आता आपल्याच हातांनी ह्यां पाणी तेच्या दारात धाडतास?"

सत्यवान बांधावर बसला आणि हसायला लागला. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

"आये, ता कधीच पोचला," तो म्हणाला. "तेल वयल्यावर तरंगता. बांधावरून उतरून सरळ आमच्याकडे इला. आमचो कोंड तुमच्याआधी काळो झालो, म्हशी आटल्यो. आमका वाटला, पाखल्यांनी पाण्यात काय तरी घातल्यानी. आमी सगळ्यांनी सातेरीक गाऱ्हाणा घातलंव, ह्या पाखल्यांक आमच्या गावातसून काढ."

"कधी?" गंगारामाने विचारलं.

सत्यवानाने वार सांगितला. तोच दिवस, तीच दुपार. एकाच देवीकडे एकाच वेळी एका गावाने मागितलं, फौज पुढे धाड. दुसऱ्याने मागितलं, पाखल्यांना मागे घे. आणि दोन्ही गावांच्या म्हशी आटल्या त्या एकाच लॉरी धुण्याने. पाखल्यांनी पलीकडे इतकी वर्षं पुष्कळ काही केलं होतं, पण हे तेवढं त्यांनी केलेलं नव्हतं.

"आणि शेवंतीची पारडी?" वहिनीने विचारलं. "ती बरी आसा मा?"

सत्यवानाने मान खाली घातली. "ती तां पाणी प्याली, आये. गाऱ्हाण्याच्या आदीच गेली."

वहिनी बांधावरच खाली बसली. ती पारडी तिने बाटलीने दूध पाजून वाढवली होती आणि लग्नात विमलाबरोबर धाडताना लेकीपेक्षा जास्त त्या पारडीच्या गळ्यात पडून रडली होती. गंगारामाने खांद्यावरची शाल काढून घडी घातली.

बांध फोडला नाही. सगळ्या वाडीने आपापल्या उडवीतला पेंढा आणला. पेंढ्याच्या पेंड्या पाण्यावर पसरायच्या, तेल प्यायल्या की ओढून काढायच्या आणि लांब खड्ड्यात पुरायच्या. दुसऱ्या दिवशी सत्यवानाच्या गावची माणसंही पेंढा घेऊन आली. त्यांना वाटेत कोणी अडवलं नाही, नाव विचारलं नाही. गोवा सुटल्याचं मला खरं तेव्हा कळलं. काम करता करता दोन्ही गावांत भांडण मात्र जुंपलंच, गाऱ्हाणं कोणाचं लागू पडलं यावरून. गंगाराम आणि पलीकडचा गुरव तेलाने माखलेले, हातात पेंड्या घेऊन एकमेकांवर ओरडत होते.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी शेवंती काठावर आली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि धपकन पाण्यात बसली. डोळे मिटून दुपारपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी पान्हा आला. वहिनीने दूध गाळलं, पाणी घातलं, नातीला वाटी लावली. नातीने तोंड भरून घेतलं आणि सगळं वहिनीच्या लुगड्यावर थुंकलं. तिला डब्याची गोडी लागली होती.

"फौजेचा पोर!" वहिनी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

पुढच्याच वर्षी वर हिमालयात चीनशी लढाई लागली. वहिनी रोज मला पेपर वाचायला लावायची. "ह्यात आपलो हवालदार खंय आसा?" असं विचारायची. मी म्हणायचो, वहिनी, नावच माहीत नाही तर शोधू कुठे? ती उठून तो रिकामा डबा घासायची. शेवंतीचं दूध ती अजून त्याच डब्यात काढते. त्या वर्षी सातेरीच्या जत्रेला गंगाराम गाऱ्हाणं घालायला उभा राहिला तेव्हा ती पुढे झाली. "डब्याचो हवालदार घाल," म्हणाली. गंगारामाने नाव-गाव विचारलं नाही. "आई सातेरी, तो डब्याचो हवालदार जंय आसात थंय सुखरूप ऱ्हवांदे, आणि तेच्या आवशीच्या म्हशीक दूध येवंदे," असं म्हणाला, आणि वाडीने रुकार दिला.

तेव्हापासून दरवर्षी ती ओळ असते. वर्षागणिक गाऱ्हाणं लांबत चाललं आहे आणि जत्रेच्या जेवणातले वडे थंड होतात. पासष्टात पुन्हा लढाई झाली. त्या वर्षीच्या जत्रेला सावित्री म्हणाली, "ती हवालदाराची ओळ आता नको घालूया. इतकी वर्सां झाली. तो एव्हाना घराक गेलो आसतलो, नायतर..." वहिनी देवीकडे बघत उभी राहिली. गंगाराम तिच्याकडे बघत थांबला. मी नेहमीसारखा मागे खांबाला टेकून, तोंड मिटून उभा होतो. कसं काय झालं ठाऊक नाही, गंगारामाने तोंड उघडायच्या आधीच मी जोराने ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मला खोकल्याची उबळ आली आणि सगळं देऊळ मागे वळून माझ्याकडे बघायला लागलं. रुकार आधीच देऊन झाला होता, त्यामुळे गंगारामाला ती ओळ म्हणावीच लागली.